डॉर्टमुंडचे जर्मन फुटबॉल संग्रहालय: एका बचावपटूच्या वाटेने

डॉर्टमुंडच्या मुख्य रेल्वे स्थानकातून शहराच्या बाजूने बाहेर पडले की रस्त्यापलीकडेच जर्मन फुटबॉल संग्रहालयाची इमारत उभी दिसते. त्यामुळे वाट विचारण्याचा किंवा बस शोधण्याचा प्रश्न येत नाही, आणि दोन गाड्यांच्या मधल्या वेळात ‘जरा डोकावून येऊ’ असा मोह होतो. तो मोह आवरावा, कारण हे संग्रहालय घाईत पाहण्यासारखे नाही. निम्मा दिवस हाताशी नसेल तर तिकिटाचे पैसे वसूल होणार नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे. वेळ असेल आणि मनात एखादा नेमका प्रश्न घेऊन आत शिरलात, तर मात्र फुटबॉलवर इतके चांगले प्रदर्शन क्वचितच पाहायला मिळेल.

माझ्या मनातला प्रश्न बचावपटूंबद्दल होता. जर्मनीने जगाला जितके नामांकित बचावपटू दिले, त्यांतले बरेच जण पुढे प्रशिक्षक झाले. फ्रान्झ बेकेनबाउअर 1974 मध्ये कर्णधार म्हणून विश्वविजेता ठरला आणि 1990 मध्ये संघाचा सूत्रधार म्हणून. त्याच्याकडे प्रशिक्षकाचा परवाना नसल्याने त्याच्या पदाचे नाव ‘टीमशेफ’ असे ठेवावे लागले होते. त्याच्यानंतर राष्ट्रीय संघाची धुरा आली ती बेर्टी फोग्ट्सकडे, म्हणजे 1974 च्याच संघातल्या उजव्या बगलेच्या बचावपटूकडे. या परंपरेतला मला सर्वांत गुंतागुंतीचा वाटणारा माणूस मॅथियास सॅमर. त्याच्या कारकिर्दीतील वैभवाची वर्षे याच शहरात गेली, म्हणून त्याच्या वाटेने हे संग्रहालय पाहायचे मी ठरवले.

संग्रहालयाची मूळ कल्पना 2006 च्या विश्वचषकाच्या आयोजनातून निघाली आणि त्या स्पर्धेतून उरलेल्या पैशांतून जर्मन फुटबॉल महासंघाने तिला आकार दिला. जागेसाठी शहरांमध्ये चुरस होती, आणि 2009 मध्ये शेजारच्या गेल्सनकिर्शेनला मागे टाकून डॉर्टमुंडने बाजी मारली. ज्यांना गेल्सनकिर्शेनचा शाल्के आणि डॉर्टमुंडचा बोरुसिया या क्लबांमधले वैर माहीत आहे, त्यांना या निवडीमागची धुसफूस वेगळी सांगायला नको. ऑक्टोबर 2015 मध्ये दारे उघडली. आतली रचना सामन्यासारखी, म्हणजे दोन ‘हाफ’मध्ये केली आहे. सरकत्या जिन्याने थेट वर जायचे, आधी राष्ट्रीय संघाचा इतिहास पाहायचा, मग करंडकांच्या दालनातून क्लब फुटबॉलकडे खाली यायचे. जर्मनबरोबर इंग्रजी मजकूरही असल्याने भाषेची अडचण फारशी जाणवत नाही. वाट एकाच दिशेने जाते, त्यामुळे गर्दीच्या दिवशीही माणूस भरकटत नाही. पण मागे वळून एखादी गोष्ट पुन्हा पाहायची झाली, तर समोरून येणाऱ्यांच्या लोंढ्यातून वाट काढावी लागते.

पहिल्या भागाचा केंद्रबिंदू म्हणजे 1954 च्या बर्नमधील अंतिम सामन्यातला चेंडू. हंगेरीविरुद्ध दोन गोलांनी मागे पडलेल्या पश्चिम जर्मनीने तो सामना 3-2 असा जिंकला आणि हेल्मुट रानने 84 व्या मिनिटाला मारलेल्या निर्णायक गोलाने युद्धोत्तर देशाला पहिल्यांदा काहीतरी साजरे करण्याची संधी दिली. आजच्या चकचकीत कृत्रिम चेंडूंची सवय झालेल्या डोळ्यांना तो चामड्याचा चेंडू जड आणि ओबडधोबड वाटतो. पावसात भिजल्यावर त्याला डोक्याने मारणे म्हणजे काय असेल, हा विचार मनात आल्याखेरीज राहत नाही. दुसऱ्या टोकाला मारिओ ग्योट्झेचा डाव्या पायाचा बूट आहे. 13 जुलै 2014 रोजी माराकाना मैदानावर, जादा वेळेतल्या 113 व्या मिनिटाला, शुर्लेचा क्रॉस छातीवर घेऊन त्याने याच बुटाने अर्जेंटिनाविरुद्धचा एकमेव गोल केला. पुढे धर्मादाय लिलावात या बुटाला वीस लाख युरोंची बोली लागली. या दोन वस्तूंसमोर लोक ज्या पद्धतीने रेंगाळतात, ते पाहिले की संग्रहालयाचे मर्म कळते, आणि त्याची मर्यादाही.

मर्यादा अशी की गोलाची आठवण वस्तूत साठवता येते, पण न झालेल्या गोलाची येत नाही. आघाडीपटूचा बूट काचपेटीत ठेवला की पाहणाऱ्याला तो क्षण आठवतो. बचावपटूने जो पास अर्ध्यावर तोडला, ज्या धोक्याच्या आधीच तो योग्य जागी जाऊन उभा राहिला, त्याचे काय मांडणार? प्रशिक्षकाचे काम तर त्याहून अदृश्य. हा दोष कोणा क्युरेटरच्या माथी मारण्यात अर्थ नाही. कोणत्याही क्रीडासंग्रहालयाची ही अंगभूत अडचण आहे. पण पाहणाऱ्याने ती ध्यानात ठेवली, तर समोरच्या वस्तूंमागची माणसे स्वतःला शोधता येतात.

सॅमरच्या बाबतीत हा शोध पूर्व जर्मनीपासून सुरू करावा लागतो, आणि संग्रहालयाने त्या इतिहासालाही जागा दिली आहे. सॅमरचा जन्म 1967 मध्ये ड्रेस्डेनला झाला. वडील क्लाउस सॅमर हे डिनामो ड्रेस्डेनचे खेळाडू आणि नंतर प्रशिक्षक. मुलगा त्याच क्लबात घडला, मधल्या फळीत खेळू लागला आणि तेविसाव्या वर्षी पूर्व जर्मनीच्या संघाचा कर्णधार म्हणून ब्रुसेल्सला उतरला. 12 सप्टेंबर 1990 चा बेल्जियमविरुद्धचा तो सामना त्या देशाच्या संघाचा शेवटचा सामना होता. अनेक खेळाडूंनी यायचेच टाळले होते; पश्चिमेकडच्या क्लबांशी ज्यांची बोलणी चालू होती, त्यांना दुखापतीचा धोका नको होता. पूर्व जर्मनी 2-0 ने जिंकली आणि दोन्ही गोल सॅमरचे होते. तीन आठवड्यांनी तो देशच नकाशावरून पुसला गेला. एका राष्ट्राच्या फुटबॉलचे अखेरचे दोन गोल ज्याच्या नावावर आहेत, तो पुढे बचावपटू म्हणून युरोपातला सर्वोत्तम ठरतो, हे वळण कादंबरीत वाचले असते तर ओढूनताणून आणल्यासारखे वाटले असते.

स्टुटगार्टकडून 1992 मध्ये तो बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची सर्वोच्च साखळी स्पर्धा, जिंकला, इंटर मिलानमध्ये त्याचे मन रमले नाही आणि 1993 च्या सुरुवातीला तो डॉर्टमुंडला आला. येथे प्रशिक्षक ओटमार हिट्झफेल्डने त्याला मधल्या फळीतून मागे, लिबेरोच्या जागी आणले. लिबेरो म्हणजे बचावफळीच्या मागे उभा राहणारा मोकळा गडी. इतर बचावपटू प्रतिस्पर्ध्यांना माणसामागे माणूस असे धरून असतात. लिबेरोच्या वाट्याला कोणी ठरावीक नसतो. जिथे फट पडेल तिथे धावायचे, आणि चेंडू हाती आला की स्वतःच पुढे सरकून हल्ल्याची सुरुवात करायची, हे त्याचे काम. बेकेनबाउअर हे काम डौलाने करत असे. सॅमरच्या खेळात डौल कमी आणि त्वेष जास्त होता. तो मागून सुटला की समोरच्या संघातला त्याला धरायचा नेमका कोणी नसे, आणि ज्याने धरायचे तो ठरवेपर्यंत सॅमर पेनल्टी क्षेत्राच्या तोंडाशी पोहोचलेला असे. 1995 आणि 1996 अशी सलग दोन विजेतेपदे आणि 1997 मध्ये म्युनिकला युव्हेंटसला 3-1 ने नमवून मिळवलेली चॅम्पियन्स लीग, हे या बदलाचे फळ.

राष्ट्रीय संघाच्या दालनात 1996 च्या युरोपीय स्पर्धेपाशी मी सर्वांत जास्त वेळ थांबलो. तेथे सगळ्यांचे लक्ष जाते ते ऑलिव्हर बिअरहोफच्या ‘गोल्डन गोल’कडे, म्हणजे अंतिम सामन्याच्या जादा वेळेत होताच सामना संपवणाऱ्या गोलाकडे, आणि ते स्वाभाविकही आहे. पण ती स्पर्धा जर्मनीने जिंकली ती बऱ्याच अंशी मागून. बचावपटूंपैकी अनुभवी युर्गेन कोहलर पहिल्याच सामन्यात जायबंदी होऊन बाहेर गेला, आणि बचावाचा सगळा भार सॅमरवर आला. रशियाविरुद्ध त्याने मागून धाव घेतली, पहिला फटका गोलरक्षकाने अडवला, परत आलेला चेंडू त्यानेच जाळ्यात मारला. क्रोएशियाविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात शुकरने बरोबरी साधल्यानंतर अवघ्या आठ मिनिटांत पुन्हा आघाडी मिळवून देणारा गोलही त्याचाच. अंतिम सामन्यात मात्र चेक प्रजासत्ताकाला पेनल्टी मिळाली ती त्यानेच पोबोर्स्कीला पाडल्यामुळे. तो प्रकार क्षेत्राच्या बाहेर घडला होता की आत, यावर आजही वाद घालता येतो. मागे राहून सगळा पसारा सांभाळणाऱ्या माणसाच्या नशिबी हेही येतेच. सॅमर स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्या वर्षीचा बॅलन द’ओर हा सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार त्याने ब्राझीलच्या रोनाल्डोला एका गुणाने मागे टाकून मिळवला.

त्यानंतर वर्षभरातच सगळे संपले. गुडघ्याची दुखापत, शस्त्रक्रिया, जंतुसंसर्ग. 1997 च्या शरद ऋतूनंतर तो पुन्हा स्पर्धात्मक सामना खेळू शकला नाही. वय तीस.

करंडकांच्या दालनाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. मंद प्रकाश, झळाळते करंडक, फोटो काढणाऱ्यांची रांग. मुलांना ते फार आवडते. त्यापेक्षा मला 1989 च्या महिला संघाचा कॉफीचा संच अधिक बोलका वाटला. ओस्नाब्रुकला नॉर्वेला 4-1 ने हरवून पहिल्यांदा युरोपीय विजेत्या ठरलेल्या खेळाडूंना महासंघाने बक्षीस म्हणून दिले ते चिनी मातीचे कपबशांचे संच. पांढऱ्या कपांवर रंगीत फुलांची नक्षी आहे. एखाद्या मध्यमवर्गीय घरातल्या कपाटात शोभावा असा, नीटनेटका संच. महासंघाच्याच संग्रहालयात महासंघाची ही कंजुषी आणि त्यामागची दृष्टी न लपवता मांडली आहे, याचे मला मनापासून कौतुक वाटते. त्या संघातली सिल्व्हिया नाइड पुढे प्रशिक्षक झाली आणि तिच्या हाताखाली जर्मनीने 2007 चा विश्वचषक व 2016 चे ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले.

खालच्या भागात क्लब फुटबॉल आहे, आणि सॅमरच्या दुसऱ्या आयुष्याचा धागा येथे जुळतो. 2000 च्या वसंतात डॉर्टमुंड खालच्या श्रेणीत जाण्याच्या बेतात होते. वयोवृद्ध प्रशिक्षक उडो लाटेकला शेवटच्या काही सामन्यांसाठी बोलावले गेले आणि त्याच्या जोडीला सॅमरला दिले. संघ वाचला आणि उन्हाळ्यात सॅमर मुख्य प्रशिक्षक झाला. दोन वर्षांनी, म्हणजे 2002 मध्ये, तो चौतिसाव्या वर्षी बुंडेसलिगा जिंकणारा त्या वेळचा सर्वांत तरुण प्रशिक्षक ठरला. प्रतिस्पर्धी लेव्हरकुसेन तीन सामने उरले असताना पाच गुणांनी पुढे होते, ते कोसळले. डॉर्टमुंडने शेवटच्या दिवशी ब्रेमेनविरुद्ध मागून येऊन 2-1 असा विजय मिळवला आणि निर्णायक गोल केला तो बदली खेळाडू एव्हर्टनने. चारच दिवसांनी रॉटरडॅमला यूएफा चषकाच्या अंतिम सामन्यात फेयेनूर्डने त्यांना 3-2 ने हरवले. त्या सामन्यात लाल कार्ड मिळून डॉर्टमुंडकडून खेळणाऱ्या कोहलरची कारकीर्द संपली.

या विजेतेपदाकडे मी जितक्या वेळा पाहतो, तितक्या वेळा मला एक गोष्ट खटकते आणि आकर्षितही करते. ज्या जागेवर खेळून सॅमर मोठा झाला, ती लिबेरोची जागा तो प्रशिक्षक होईपर्यंत कालबाह्य झाली होती. 2000 च्या युरोपीय स्पर्धेत जर्मनीने 39 वर्षांच्या लोथार मॅथेउसला लिबेरो म्हणून उतरवले आणि संघ गटात तळाला राहून परतला. जग एका रेषेत उभ्या राहणाऱ्या चार बचावपटूंकडे आणि विभागवार बचावाकडे गेले होते. म्हणजे प्रशिक्षक सॅमरला स्वतःसारखा खेळाडू संघात ठेवायची सोयच उरली नव्हती. मैदानात फट दिसली की स्वतः धावून ती बुजवणाऱ्या माणसाला आता ती फट बाहेर उभे राहून दुसऱ्याकडून बुजवून घ्यायची होती. बाजूच्या रेषेवर हातवारे करत, लालबुंद होऊन ओरडणारा सॅमर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे कष्ट वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत.

त्याचे प्रशिक्षकपद लवकरच संपले. शेअर बाजारात उतरलेला आणि खर्चाचा ताळ सुटलेला क्लब आर्थिक गर्तेत चालला होता. 2003 मध्ये ब्रुगकडून पेनल्टींवर हरून चॅम्पियन्स लीगचे दार बंद झाले आणि 2004 मध्ये सॅमर गेला. स्टुटगार्टमध्ये एक हंगाम, पाचवे स्थान, आणि तिथूनही निरोप. त्यानंतर त्याने मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची पुन्हा कधी स्वीकारली नाही.

तरीही ग्योट्झेच्या बुटाकडे परत जावे लागते. 2006 मध्ये सॅमर महासंघाचा क्रीडासंचालक झाला आणि कुमार संघांची सूत्रे त्याच्याकडे आली. 2008 आणि 2009 मध्ये जर्मनीने 19, 17 आणि 21 वर्षांखालील अशी तिन्ही युरोपीय विजेतेपदे मिळवली. 21 वर्षांखालील अंतिम सामन्यात माल्मोला इंग्लंडला 4-0 ने हरवणाऱ्या संघात नॉयर, हुमेल्स, बोआटेंग, ह्योवेडेस, खेडिरा आणि ओझिल होते; 17 वर्षांखालील संघात ग्योट्झे होता. पाच वर्षांनी हे सगळे रिओत विश्वविजेते झाले. सगळे श्रेय सॅमरला देणे अन्यायाचे ठरेल, कारण 2000 च्या नामुष्कीनंतर व्यावसायिक क्लबांना युवा अकादमी सक्तीच्या करण्यापासून सुधारणा आधीच सुरू झाल्या होत्या. शिवाय कुमार स्पर्धा केवळ शिकण्यासाठी नसून जिंकण्यासाठीही असतात, हा त्याचा हट्ट सगळ्यांना पटला होता असेही नाही. पण त्या बुटामागे अनेक हात आहेत आणि त्यांपैकी एक हात माजी लिबेरोचा आहे, हे माहीत असले की काचपेटीतला तो बूट वेगळाच दिसतो. 2012 ते 2016 या काळात सॅमर बायर्न म्युनिक क्लबचा क्रीडाविषयक संचालक होता. 2013 मध्ये वेंब्लीवर चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात बायर्नने डॉर्टमुंडलाच हरवले, ही गोष्ट या शहरात जरा जपून काढावी.

संग्रहालयातल्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये ही सगळी नावे एकत्र भेटतात. 2018 मध्ये क्रीडापत्रकारांच्या समितीने निवडलेल्या पहिल्या अकरा जणांत सेप मायर, बेकेनबाउअर, ब्रेमे, ब्राइटनर, मॅथेउस, सॅमर, फ्रिट्झ वॉल्टर, नेट्झर, रान, गेर्ड म्युलर आणि उवे झेलर आहेत, आणि प्रशिक्षक म्हणून सेप हेर्बेर्गर. या यादीतल्या बचावपटूंच्या पुढच्या वाटा किती निरनिराळ्या झाल्या ते पाहावे. बेकेनबाउअरला प्रशिक्षक म्हणूनही विश्वचषक मिळाला. 1990 च्या अंतिम सामन्यात 85 व्या मिनिटाला पेनल्टी मारून त्याला तो मिळवून देणारा आंद्रेआस ब्रेमे कायझर्सलाउटर्नचा प्रशिक्षक म्हणून फार काळ टिकला नाही. पाउल ब्राइटनरची गोष्ट तर और आहे: 1998 मध्ये महासंघाच्या अध्यक्षांनी त्याला राष्ट्रीय प्रशिक्षकपद देऊ केले आणि सतरा तासांत तो प्रस्ताव मागेही घेतला. या दालनात माणसे गोलांच्या संख्येने नव्हे, तर पूर्ण कारकिर्दीने भेटतात, म्हणून बचावपटूंच्या शोधात आलेल्याने आपला राखीव वेळ येथे घालवावा. बहुतेक प्रेक्षक येथे पोहोचेपर्यंत दमलेले असतात आणि भराभर पुढे सरकतात. त्यामुळे गर्दीही कमी लागते.

लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी काळजी करू नये. चेंडू मारायला छोटे मैदान आहे, गाजलेल्या गोलांचे समालोचन स्वतःच्या आवाजात करून पाहता येते, आणि चित्रफितींची रेलचेल आहे. माझ्यासारख्याला मात्र या आवाजांचा थोडा जाच होतो. एका दालनातला जल्लोष दुसऱ्या दालनातल्या मजकुरावर सांडत राहतो, आणि सलग वाचायचे असेल तर कामाच्या दिवशी सकाळी लवकर गेलेले बरे. सोमवारी संग्रहालय सहसा बंद असते. तिकीट घरूनच ऑनलाइन काढावे.

ज्यांना फुटबॉलचा विशेष नाद नाही, त्यांनीही जायला हरकत नाही, कारण युद्धानंतरची, फाळणीतली आणि एकीकरणानंतरची जर्मनी येथे चेंडूच्या निमित्ताने समजते. ज्यांना डावपेचांचे सूक्ष्म विवेचन हवे आहे, त्यांनी मात्र अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात. आणि सॅमरच्या डॉर्टमुंडमधील वर्षांसाठी येथे आलेल्यांनी त्याच दिवशी भुयारी रेल्वेने बोरुसियाच्या मैदानावर जावे. तिथल्या ईशान्य कोपऱ्यात क्लबचे स्वतःचे ‘बोरुसेउम’ हे संग्रहालय 2008 पासून आहे आणि 1997 चा चॅम्पियन्स लीग करंडक तिथे पाहायला मिळतो. ते आकाराने लहान असून तासाभरात नीट पाहून होते. सामन्याच्या दिवशी त्याच्या वेळा बदलतात, तेव्हा निघण्यापूर्वी त्या तपासून घ्याव्यात.